मधली पट्टी मागाहून

झालं असं, की यंत्र नवं आलं आणि काम जुन्याच वेगाने होत राहिलं.

वागळे इस्टेटमधल्या त्या कंपनीत इमारतींची आणि पाण्याच्या टाक्यांची गणितं होतात. वारा सुटला तर कुठला सांधा किती हलेल, जमीन हादरली तर कुठल्या खांबावर किती भार येईल, असली. त्यासाठीचा प्रोग्राम मंदाकिनीने लिहिलेला. तिच्या निवृत्तीला नऊ दिवस उरले होते. नव्या यंत्रात सोळा कोअर होते, म्हणजे एकाच वेळी सोळा ठिकाणी आकडेमोड चालायला हवी होती.

"सोळा जण कामाला लावले नि पंधरा जण चहाला गेलेत मॅडम," विनीत म्हणाला. विनीत तिचा साहेब, वयाने वीस वर्षांनी लहान. "जाण्याआधी एवढं बघा ना."

बघितलं कल्पिताने. दीड वर्षापूर्वी लागलेली, कल्याणहून येणारी इंजिनीअर. तिसऱ्या दिवशी ती मंदाकिनीच्या टेबलाशी आली ती हातात एक पिवळं पडलेलं ड्रॉइंग घेऊन.

"सापडलं मॅडम. प्रोग्रामच्या सुरुवातीलाच 'सरळ' नावाचा एक तुकडा आहे. सांध्यांना कुणी कसेही नंबर देऊ दे, हा ते सगळे पुसतो आणि डावीकडून उजवीकडे नवे टाकतो. मग काय, दुसरा पहिल्यासाठी थांबतो, तिसरा दुसऱ्यासाठी. रांगच लागते. सोळाशे कोअर आणले तरी तेच होणार."

"मग?"

"मग मी तो उडवला. आणि हे बघा, रेकॉर्डरूममध्ये मिळालेलं. कुणीतरी काय भारी नंबर टाकलेत! सांध्यांच्या जाळीच्या मधोमध एक पट्टी सोडलीय, तिचे नंबर सगळ्यात शेवटी. त्यामुळे डावा अर्धा उजव्याला शिवतच नाही. दोन्हीकडे एकदम काम सुरू. मग प्रत्येक अर्ध्यात पुन्हा तसंच. हे आता तयार मिळतं मॅडम, सगळे वापरतात. पण आपल्याकडे दोन हजार एकमध्ये कुणीतरी हाताने केलेलं! तसेच नंबर देऊन कालचा टॉवर चालवला. अडतीस मिनिटांचं काम पाच मिनिटांत."

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने लिहिलं होतं, मधली पट्टी मागाहून.

"कुणाचं अक्षर आहे हे?"

"इनासचं," मंदाकिनी म्हणाली.

'सरळ' कुणी लिहिला, हे कल्पिताने विचारलं नाही. तुकड्याच्या डोक्यावर नाव आणि तारीख होतीच.

•

मसुदा पहिला

प्रिय इनास, कसे आहात? तुम्हाला ऐकून आनंद होईल, की तुमची पद्धत

(आनंद? पुसला.)

•

इनास उत्तनचा. घरातले सगळे समुद्रावर जाणारे. हा एकटा आयटीआय करून ड्राफ्ट्समन झालेला. जाळीच्या सांध्यांना नंबर देण्याचं काम तेव्हा ड्राफ्ट्समनकडे असे, आणि नंबर म्हणजे काय, नावापुरते, असं सगळेच समजत.

"इनास, हे काय लावलंय? एक इथे, दोन तिथे, आणि एकशेचाळीस मधोमध?"

"मॅडम, जाळं मोठं फाटलं ना, की दोन बाजूंनी दोन माणसं बसतात. मधली पट्टी मोकळी ठेवायची, ती मागाहून. नायतर याने धागा ओढला की त्याच्या बोटातला सुटतो."

"हे काही मासे धरायचं जाळं नाहीये."

"जाळीच म्हणतो ना पण आपण?"

ड्रॉइंगचा सगळा हॉल हसला. मंदाकिनी तेव्हा चौतीसची, त्या मजल्यावरची एकटी बाई इंजिनीअर. हसू इनासच्या बोलण्याचं होतं. ते आपल्यालाच आहे असं तिला वाटलं.

आता यातलं गणित कुणालाही समजेल इतकं साधं आहे. प्रत्येक सांध्याचं एक समीकरण असतं, आणि एकेक अज्ञात काढत जायचं असतं. एक काढलं, की त्याचे शेजारी, ज्यांचा आपसात काही संबंध नव्हता, ते एकमेकांना बांधले जातात. शून्य होतं तिथे आकडा येऊन बसतो, आणि त्याचंही ओझं पुढे वाहावं लागतं. कोण आधी जाणार यावर ते ओझं किती वाढेल हे ठरतं. कोण कुणासाठी खोळंबेल, हेही. उत्तर मात्र शेवटी तेच येतं.

मंदाकिनी नेमकी त्या 'तेच'वर अडली.

"उत्तर तेच येतंय ना? मग क्रमाला अर्थ काय? आणि अर्थ असेल, तर वेळ लावून बघू."

बघितलं. सगळ्यांसमोर. तिच्या सरळ नंबरांनी बारा मिनिटं लागली, इनासच्या नंबरांनी सत्तेचाळीस. कुणीतरी शिट्टी वाजवली.

पण तिचा प्रोग्राम शेजाऱ्यांचे नंबर जवळजवळ असणार, असं धरूनच लिहिलेला होता. लांबचे नंबर आले, की मधली सगळी शून्यंही तो उचलून बरोबर घ्यायचा. (हा भाग पुढे कधीतरी नव्याने लिहिला गेला.) आणि काम करणारं यंत्र होतं एकच. दोन बाजूंनी बसायला दुसरं माणूसच नव्हतं. जगाला ही युक्ती तेव्हाही ठाऊक होती, पुस्तकात होती. मंदाकिनीने ते पुस्तक उघडलं नव्हतं.

इनास घड्याळाकडे बघून म्हणाला, "क्रम चुकीचा नाय मॅडम. तुमचा प्रोग्राम एकट्याचा आहे."

हे वाक्य तिने ऐकलं. समजूनही घेतलं असतं, दहा मिनिटं दिली असती तर. तिने त्याच संध्याकाळी 'सरळ' लिहिला, आणि वरच्या साहेबांना चिठ्ठी लिहिली: क्रम गोंधळलेला. नंबर देण्याचे काम ड्राफ्ट्समनकडून काढून घ्यावे. इनासला त्या वर्षी गणिताच्या विभागात घेणार होते. तेही राहिलं. राहिलं ते राहिलंच. तो ड्रॉइंगबोर्डावरूनच निवृत्त झाला.

•

मसुदा चौथा

इनास, मी चुकले होते. त्या वेळी यंत्र एकच असल्यामुळे

(यंत्रामुळे नाही. पुसला.)

मसुदा पाचवा

इनास, भेटायला आले तर चालेल का?

•

इनास आता डोंबिवलीत मुलीकडे राहत होता. मंदाकिनी रविवारी वर्तकनगरहून निघाली आणि माणकोलीच्या पुलावरून पाऊण तासात पोचलीसुद्धा. इतकं जवळ होतं हे.

"मॅडम, जाड झालात."

"तुम्ही बारीक झालात."

"दात गेले ना. बियांका, चहा टाक बाय, मॅडम आल्यात."

तिने लॅपटॉप उघडला. जाळी दाखवली, मधली पट्टी लाल रंगात. सोळा कोअर कसे एकाच वेळी चालतात ते दाखवलं, कल्पिताला ते ड्रॉइंग कसं सापडलं तेही सांगितलं. बोलताना आपला आवाज शिकवल्यासारखा होतोय हे तिला कळत होतं, पण थांबता येईना. इनास चष्म्यावरून बघत होता. पट्टीवर त्याने बोट ठेवलं.

"ही एक ओळ जास्त रुंद घेतलीय. एवढी नको."

मंदाकिनीने मोजलं. खरंच नको होती.

"शुक्रवारी माझा निरोप आहे," ती म्हणाली. "या भागाला तुमचं नाव द्यायचंय. तुम्ही पण या. तुमच्यासमोर सांगते सगळ्यांना."

"नाव कशाला? मला माहीत होतं ना मी बरोबर आहे." मग म्हणाला, "म्हणजे, वर्षभर माहीत होतं. मग वाटायला लागलं, मॅडम शिकलेल्या, घड्याळ पण त्यांच्या बाजूने. आपलंच चुकलं असेल."

बियांका चहा घेऊन आली होती. चाळिशीची बाई, हातावर पीठ. ती हसत म्हणाली, "अहो, मला बारावीला गणितात चौऱ्याण्णव होते. इंजिनीअरिंग घेते म्हटलं, तर डॅडी काय म्हणाले माहितीये? तिथे स्वतःचं डोकं चालवायचं नसतं. आपलं आपल्याला बरोबर वाटतं आणि सगळ्यांसमोर हसं होतं. मी मग हॉटेल मॅनेजमेंट केलं. बरंच झालं, नवरा तिथेच भेटला."

"बियांका," इनास म्हणाला.

"काय? मजेत सांगतेय."

मंदाकिनीने कप उचलला आणि तसाच ठेवला. इनासचं नाव काढलं तर गाठ इनासपाशीच सुटेल, अशी तिची समजूत होती. या मुलीचं नाव तर तिला आजच कळलं होतं.

"मला माफ करा," ती म्हणाली. कुणाला उद्देशून, ते तिचं तिलाही ठरवता आलं नाही.

"माफी राहू द्या," इनास म्हणाला. "मी काय येत नाय निरोपाला, गुडघे धरतात. एक करा. त्या तुमच्या ऑफिसातल्या पोरीला सांगा, की शर्यत खोटी होती. घड्याळ तुमचं, रस्ता पण तुमचा. एवढंच. नाव नको."

•

शुक्रवारी चार वाजता कॉन्फरन्स रूममध्ये चाळीसेक माणसं जमली. विनीतने भाषण केलं, शाल दिली. मग मंदाकिनी उठली. लिहून आणलेला कागद तिने पर्समध्येच ठेवला.

"दोन हजार एकमध्ये मी इनास नावाच्या ड्राफ्ट्समनला सगळ्यांसमोर चुकीचं ठरवलं," ती म्हणाली. "ते बरोबर होते. मी त्यांचा क्रम माझ्या प्रोग्रामवर तपासला, आणि तो प्रोग्राम फक्त माझाच क्रम चालावा असा होता. ती परीक्षा खोटी होती. त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. मी चिठ्ठी लिहून त्यांचं काम काढून घेतलं. त्यांचं पुढचं सगळं त्याने बदललं. त्यांच्या घरातलंही."

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळी खोली टाळ्यांनी भरून गेली. विनीतचे डोळे पाणावले होते. "बघा," तो नव्या मुलांकडे वळून म्हणाला, "याला म्हणतात मोठेपणा."

"नाही, ऐका," मंदाकिनी म्हणाली. "मोठेपणा नाही. मी जे केलं ते—"

"मॅडम, फोटो! मॅडम, इकडे बघा!"

तिला मध्ये उभं केलं. दोन्ही बाजूंना माणसं आली. कल्पिता तिच्या कानाशी वाकली. "किती ग्रेट आहात मॅडम. जुन्या ड्राफ्ट्समनलासुद्धा क्रेडिट दिलंत."

"क्रेडिट नाही गं दिलं," मंदाकिनी म्हणाली. "कबुली दिली."

"तेच ना," कल्पिता म्हणाली, आणि फोटोसाठी हसली.