ओवादियाची तिसरी खेप

वर्षभराच्या चुकांची माफी मागायच्या मोठ्या उपासाच्या आदल्या दिवशी ओवादिया तिसऱ्यांदा आला. या वेळी रिवाजाप्रमाणे तीन शेजारी सोबत होते.

"अझ्रिएल, तुझ्या मझलचं ठरलेलं लग्न माझ्या जिभेनं मोडलं. माफ कर रे."

पोरीला फिट्स येतात, ही आवई त्यानंच आपल्या सुकामेव्याच्या दुकानातून उठवली होती. अझ्रिएल दारातून हलला नाही.

"बोंब मारलीस भर बाजारात, आणि माफी हळूच माझ्या उंबऱ्यावर? चल, नीघ!"

ओवादिया खाली मान घालून गेला. तीनदा मागून झालं होतं. शास्त्राप्रमाणे तो आता दोषातून सुटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिनेगॉगमध्ये योना संदेष्ट्याचं वाचन झालं. त्याचा अर्थ दरवर्षी अझ्रिएल गुरुजींनीच सांगायचा.

"योना ओरडला, निनवे उलटणार! शहर तर जागच्या जागी राहिलं. मग संदेष्टा खोटा ठरला का? नाही. आपले जुने पंडित म्हणतात, उलटली ती माणसांची मनं. ती पालटली, देवानं माफ केलं. रुसून बसला तो एकटा योना..."

मागच्या बाकावर ओवादिया ऐकत होता. अझ्रिएलला पुढचा शब्द सुचेना. तो खाली बसला. उपास बाधला असेल, असं लोकांना वाटलं.

संध्याकाळी उपास सुटल्यावर मझल म्हणाली, "मी त्यांना केव्हाच माफ केलंय, बाबा. तुमच्याआधी ते माझ्याकडेच आले होते. रडले बिचारे."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांचं नाव तरी काढू देत होतात का घरात?"

सकाळी दुकान उघडायच्या आतच अझ्रिएल बाजारात जाऊन उभा राहिला. ओवादियानं लगबगीनं स्टूल पुसून दिलं.

"बसा. कॉफी घेणार?"

"मी माफ केलंय तुला. खरं तर मीच ताणून धरलं. शनिवारी येतोस? पूर्वीसारखे ग्रंथ घेऊन बसू."

"देव तुमचं भलं करो," ओवादिया म्हणाला. आवाजात राग नव्हता. "पण शनिवारी मी हल्ली जावयाबरोबर बसतो. त्यालाही गोडी लागलीय."

अझ्रिएलनं कॉफी संपवली. आणखी काहीतरी बोलायला हवं होतं. पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

"सांभाळून जा, गुरुजी. पायरी ओली आहे," ओवादिया म्हणाला.

लहानपणापासून एकमेकांना अरे-तुरे करणारे ते दोघं. अझ्रिएल पायरी उतरला आणि घराच्या उलट दिशेला बराच वेळ चालत राहिला.