चुलीत घातलेली पुस्तकं

प्रभूनं आपल्याला कसं सावरलं याची दानियालची साक्ष चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांना जवळजवळ पाठ होती. तरी दरवर्षी तळेघरच्या डोंगरावर तीन दिवसांचं शिबिर भरलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यालाच उभं करायचे. नव्या लोकांनी ती ऐकावी, असं पास्टरांना वाटे. पुण्याहून दोन बस भरून माणसं आलेली असत, आणि पत्र्याच्या हॉलमध्ये सतरंज्यांवर बसून ती त्याचं बोलणं मान खाली घालून ऐकत. काही जणांच्या डोळ्यांत पाणी येई.

साक्ष अशी होती. जुन्नरला एका खाजगी दवाखान्यात त्याचे वडील ड्रेसर होते, जखमा धुऊन पट्ट्या बांधायचे. आई वारली आणि वडील दारूला लागले. दहावीच्या वर्षी एका संध्याकाळी त्यांनी दानियालची सगळी पुस्तकं चुलीत घातली आणि त्याला घराबाहेर काढलं. त्या अवस्थेत प्रभूनं त्याला हाताशी धरलं.

यातली आई वारली होती हे खरं. वडील पीत होते हेही खरं. पुस्तकं मात्र दानियालनं स्वतः जाळली होती. गणितात नापास झाल्याचं कळलं तेव्हा वडील ओसरीवर पिऊन पडले होते, आणि त्यानं रागानं एकेक पुस्तक चुलीत सारलं होतं. घराबाहेर त्याला कुणी काढलं नव्हतं. उलट त्याच पावसाळ्यात वडिलांनी दारू सोडली होती, कायमची. कुठून कुठून जुनी पुस्तकं जमवून आणली होती आणि रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसून राहत होते. गणितातलं त्यांना काही कळत नव्हतं, नुसते बसत.

पुण्याला कॉलेजात असताना पहिल्यांदा प्रार्थनासभेत बोलायची वेळ आली, तेव्हा खरं सांगायला त्याची जीभ वळली नव्हती; पुस्तकं वडिलांनी जाळली, असं तो म्हणून गेला. ऐकणारे रडले. पुढच्या वेळी घराबाहेर काढल्याचं आपोआप तोंडातून आलं. सोळा वर्षं झाली त्याला. लग्न ठरताना जास्मिननं हीच साक्ष ऐकली होती.

यंदाही तो बोलत होता. जास्मिनही लहानग्या लेकीला, समृद्धीला, घेऊन शिबिराला आली होती. नोव्हेंबर होता, खाली खाचरांत भाताची कापणी चालली होती. पुस्तकांपर्यंत आला आणि त्याला शेवटच्या सतरंजीवर वडील दिसले. इस्त्रीचा पांढरा सदरा, मांडीवर कापडी पिशवी. शेजारी मोहित बसला होता, नावनोंदणी बघणारा उत्साही पोरगा. त्याचा चेहरा फुलला होता.

दानियालला थांबता आलं असतं. पण शब्द सवयीनं पुढे चालत राहिले. "माझ्या वडिलांनी माझ्या डोळ्यांदेखत पुस्तकं चुलीत घातली," तो म्हणाला. आपला आवाज आपल्यालाच ऐकू येतोय, असं त्याला वाटलं.

संपल्यावर मोहित उठला. "ब्रदरांना माहीत नाही, पण मी त्यांच्या वडिलांना बोलावलंय. सुभाषकाका आज पहाटेच जुन्नरहून निघालेत, घोडेगावला गाडी बदलून आलेत. आज दोघांचा समेट व्हावा."

लोक उठून म्हाताऱ्याभोवती जमले. कुणी त्यांचे हात हातात घेतले. एक बाई म्हणाली, "काका, देवानं तुम्हालाही क्षमा केली आहे."

"व्हय," सुभाष म्हणाले.

दानियाल पुढे गेला. वडिलांनी त्याला मिठी मारू दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जेवणं झाल्यावर वडील हॉलमागच्या कठड्यावर बसले होते. दानियाल जवळ जाऊन उभा राहिला.

"दानू, कंची पुस्तकं रं ती?" वडिलांनी विचारलं.

"बाबा..."

"मला आठवत न्हाई म्हनून इचारतो. त्या दिसांत मी शुद्धीत कमीच व्हतो. तू बोलत व्हतास तवा लई याद केली, पर काय डोळ्यापुढं येईना. म्हटलं, केलं आसंल. पिणारा मानूस काय बी करतो." त्यांनी दोन्ही हात जोडले. "तुझी माफी मागायची राहिली बघ इतकी वर्सं."

दानियालनं त्यांचे हात धरून खाली ओढले.

"तुम्ही नाही जाळली, बाबा. मीच जाळली. नापास झालो म्हणून. मला घराबाहेरही तुम्ही काढलं नव्हतं."

वडिलांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"मंग तिथं आसं का सांगतोस?"

लोकांना आवडतं म्हणून, हे वडिलांच्या तोंडावर कसं सांगणार?

"सूनबाईला बी हेच सांगितलंस?"

दानियालनं मान डोलावली.

"आसं व्हय," वडील हळू म्हणाले. "समृद्धीला माज्यापाशी घटकाभर बी सोडत न्हाई ती. मला वाटायचं, म्हाताऱ्या मानसाला खोकला, लेकराला लागंल म्हनून आसंल." त्यांनी पिशवी उचलली. "चार वाजता खाली जीप हाय. येतो मी."

दानियालनं थांबा म्हटलं. ते थांबले नाहीत.

साडेतीनला पुन्हा सगळे हॉलमध्ये जमले. दानियाल पास्टरांना न विचारता पुढे जाऊन उभा राहिला. या वेळी त्याला शब्द सापडत नव्हते. मधेच अडखळत, कपाळ पुसत त्यानं सांगितलं, की पुस्तकं त्यानं जाळली, वडिलांनी दारू स्वतःहून सोडली, आणि इतकी वर्षं तो खोटं बोलत आला. पास्टर सतरंजीकडं बघत होते. मागून एक माणूस उठला. या साक्षीनंच आपली दारू सुटली, असं तो सगळ्यांना सांगायचा.

"ब्रदर, मग मी कशावर सोडली?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून दानियालला ते जास्त लागलं.

जास्मिन बायकांच्या बाजूला बसली होती. तिनं समृद्धीला कडेवर घेतलं, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडली.

तो तिच्यामागे पायवाटेनं उतरत स्टँडवर पोचला तेव्हा जीप भरत आली होती. जास्मिन सासऱ्यांच्या शेजारी बसली होती आणि समृद्धी त्यांच्या मांडीवर. वडील अवघडून, दोन्ही हातांनी पोरीला धरून बसले होते. इतकं जवळ मूल घेऊन बसायची त्यांना सवय नव्हती.

"मी बाबांबरोबर जुन्नरला जाते," जास्मिन म्हणाली. "दोन दिवस राहीन म्हणते."

"मीही येतो."

"तुमचं शिबिर उद्यापर्यंत आहे." ती त्याच्याकडं न बघता बोलत होती. "सहा वर्षं मी त्यांना साधा चहाही मनापासून दिला नाही. मला त्यांच्याशी बोलायचंय. तुम्ही नको."

जीप निघाली. वडिलांनी एकदा मागे वळून पाहिलं, पण समृद्धीनं काहीतरी विचारलं आणि ते तिच्याकडं वळले.

त्यानंतर मंडळीत दानियालला कुणी साक्ष द्यायला सांगितलं नाही. मोहित समोर आला की दोघंही घाईनं भलत्याच विषयावर बोलत. जास्मिन दोन दिवसांनी परत आली. घरातलं बोलणं पूर्वीसारखं व्हायला मात्र पुढचा उन्हाळा उजाडला. दानियाल दर रविवारी उपासना संपली की जुन्नरला जाऊ लागला. वडील दार उघडत, पाणी देत, दवाखान्यात आता कोण आहे, कोण गेलं ते सांगत. पुस्तकांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. दानियाल प्रत्येक वेळी तो काढायचा असं ठरवून जाई, आणि गणिताच्या अभ्यासाच्या त्या सगळ्या संध्याकाळी जिथे वडील बसत तिथेच, त्यांच्यासमोर, नुसता बसून राही.