उजव्या खांद्यावरचे जानवे

“मास्तर, ह्या काचेत खून आहे. दिसतो का बघा,” असे म्हणून भिकाजीपंतांनी रेशमी फडक्यात गुंडाळलेली तळहाताएवढी काच माझ्या मांडीवर ठेवली.

मी ती दोन्ही हातांनी धरली. माझ्या हातून वस्तू पडतात, हे साऱ्या कल्याणला ठाऊक आहे.

भिकाजीपंतांनी उमेदीची सगळी वर्षे ठाण्याच्या फौजदारी कोर्टात कारकुनी केली होती. पेन्शन घेऊन ते पारनाक्यावरच्या आपल्या घरी येऊन बसले, तरी त्यांच्या डोक्यातले कोर्ट काही उठले नव्हते. कुणाची गाय मेली, कुणाच्या परड्यातले फणस नाहीसे झाले, की ते चौकशीला निघत आणि मला बरोबर नेत. मी शाळामास्तर, तोही आता निवृत्त. माझ्याजवळ एक चांगले भिंग होते आणि मी कुणाला उलट बोलत नसे, एवढीच माझी लायकी. या वेळी मात्र गोष्ट फणसांची नव्हती. माजघराच्या दाराशी भिकाजीपंतांची बहीण गोदूबाई उभी होती. मी तिला परकरात असल्यापासून ओळखतो. गोष्ट तिच्या कुंकवाची आणि डोक्यावरच्या केसांची होती.

बारा वर्षांपूर्वी, नारळी पौर्णिमा झाल्यावर, तिचे यजमान राघोपंत मचव्याने गोकर्णाला जातो म्हणून ठाण्याच्या घरातून निघाले. धाकटा भाऊ परशुराम त्यांना बंदरावर पोचवून आला. त्यानंतर राघोपंतांना कोणी पाहिले नाही. अशा माणसाची बारा वर्षे वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आमच्यात आहे. परशुरामपंतांनी तो विधी अमावास्येला धरला होता. पुतळा जळला की गोदूबाई विधवा. त्याच दिवशी न्हावी यायचा. अमावास्या परवावर आली होती आणि वहिनीला न्यायला परशुरामपंत त्याच दुपारी आगगाडीने येणार होते.

“मला खूनबिन काही ठाऊक नाही,” गोदूबाई म्हणाली. “माझ्या पेटीत एवढी तसबीर होती, ती आणली. दादालाच तिच्यात काय काय दिसायला लागलं.”

“तू गप गं! मास्तर, भिंग लावा.”

काचेवरचा तो फोटो राघोपंत निघाले त्याच वर्षीच्या दसऱ्याचा होता. मुंबईचा कोणी पारशी फोटो काढीत ठाण्याला आला होता, त्याने काढलेला. घराच्या पायरीवर परशुरामपंत पूजा आटोपून सोवळ्यात उघडे बसलेले, मागे त्यांची बायको लक्ष्मी आणि गोदूबाई. बायकांवरून मी भिंग पटकन सरकवून नेले. परस्त्रीचे तोंड भिंगातून न्याहाळणे बरे दिसत नाही, आणि त्यातली एक तर समोरच उभी होती.

परशुरामपंतांच्या धोतरावर एक काळा ठिपका होता.

“रक्त,” भिकाजीपंत कुजबुजले.

“माशी बसून गेली असेल. काचेवर. म्हणजे, मला नक्की सांगता येत नाही.”

“बरं, ते राहू द्या. जानवं बघा, जानवं!”

मी पाहिले, आणि भिंग पुसून पुन्हा लावले. जानवे उजव्या खांद्यावर होते.

ते एरवी डाव्या खांद्यावर असते. उजव्या खांद्यावर घेतात ते पितरांचे करताना, मेलेल्याला पाणी देताना. सणाच्या दिवशी, देवाची पूजा करून उठलेला माणूस असा बसेल कशाला?

भिकाजीपंत उकिडवे बसले आणि एकेक बोट दुमडू लागले. “दसऱ्याच्या सकाळी हा कुणाला पाणी देत होता? सगळं घर राघोपंतांची वाट बघत होतं. भाऊ मेला हे एकट्या ह्यालाच ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं? बंदरावर कोण गेलं होतं? हाच. दोघा भावांचं कोपरीचं मिठागर आता एकटा कोण खातो? हाच. लपून पाणी दिलं, तेवढ्यात फोटोवाल्यानं हाक मारली, आणि घाईत जानवं फिरवायचं राहून गेलं. गोदे, ह्या काचेवर त्याला फाशी होईल!”

गोदूबाईने दाराची चौकट घट्ट धरली.

भिकाजीपंतांच्या बोलण्यात मला कुठेच फट सापडेना, म्हणून मला जास्तच भीती वाटू लागली. इतके चोख जुळून आले की आपले काहीतरी पाहायचे राहिले आहे, असे मला नेहमी वाटते.

परशुरामपंत आले ते घामाने भिजलेले. ओटीवर छत्री टेकवून म्हणाले, “वहिनी, आटपा. परतीची गाडी चुकेल.”

“बसा जरा,” भिकाजीपंत म्हणाले. “एवढी घाई? पुतळा पळून जातोय होय?”

“मला काय हौस आहे का?” परशुरामपंत चिडले. “घरात बारा वर्षं ना सुतक, ना सुटका. मुलीला स्थळ येतं, विचारतं, तुमचे थोरले भाऊ आहेत की नाहीत? काय सांगू मी? आहेत म्हणू? नाहीत म्हणू?”

“नाहीत म्हणा. तुम्हाला तर पहिल्यापासून ठाऊक आहे.” भिकाजीपंतांनी काच त्यांच्यापुढे धरली. “हे कोण?”

“मी.”

“जानवं कुठल्या खांद्यावर आहे?”

परशुरामपंतांनी काच उजेडाकडे नेली. मग त्यांचा हात अंगरख्यावरून आपल्याच खांद्याकडे गेला. आधी डाव्या, मग उजव्या.

“असं कसं होईल?”

“ते तुम्ही सांगायचं. ठाण्याच्या कोर्टात साहेबाला जानव्यातलं काही कळणार नाही. पण त्याच्या बाजूला मत द्यायला गावातले असेसर बसतात ना, त्यांच्यात जानवी घालणारे आहेत. त्यांना सांगा.”

“मला आठवत नाही हो. त्या दिवशी मी… देवाशपथ आठवत नाही.”

ते मट्कन खाली बसले. एवढा दांडगा माणूस, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते. भिकाजीपंतांनी काच परत घेऊन फडक्यावर ठेवली आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. असा मऊ आवाज त्यांनी कोर्टात वकिलांचा ऐकला असावा.

“एकच वाट आहे. विधी सोडून द्या. गोदी इथं राहील, आहे तशी. काचही इथंच राहील, पेटीत.”

“सोडतो,” परशुरामपंत म्हणाले. “नाही करत विधी. पण भिकाजीपंत, मी राघूदादाला…” त्यांनी डोळे मिटून घेतले.

तेव्हा गोदूबाई पुढे आली आणि काच बघायला माझ्याशेजारी वाकली. सासरचे माणूस येणार म्हणून तिने नथ घातली होती. ओटीवरचे ऊन तिच्या तोंडावर पडले, आणि तिचे तोंड व काचेतले तोंड मला एकदमच दिसले. तिची नथ डाव्या नाकपुडीत होती. काचेत ती उजव्या नाकपुडीत होती.

मी संकोच सोडून भिंग लावले. लक्ष्मीचीही नथ उजवीकडे. दोघींचे पदरही भलत्याच खांद्यावर. आमच्याकडे उजवे नाक कोणी टोचत नाही. आरशात दिसावे तसे सगळे चित्र काचेवर उलटे उमटले होते.

मी बोललो तर परशुरामपंत उठतील आणि परवा न्हावी येईल. गप्प राहिलो तर एका निरपराध माणसाच्या गळ्यात जन्मभर फास राहील, पण ही पोर वाचेल. कुठले बरे, हे मला ठरवता येईना. माझ्यासारख्याने ते ठरवूही नये, असे वाटले. मी भिंग तिच्या हातात दिले.

“गोदू, तुझं नाक बघ.”

तिने बघितले. “ह्यात काय? मी अशीच तर दिसते.”

“कशात दिसतेस?”

“आरशात,” ती म्हणाली. मग तिचा हात हळूच नथीकडे गेला आणि तिथेच थांबला.

“काय झालं?” भिकाजीपंतांनी विचारले. गोदूबाईने माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहू लागलो.

“भावजी,” ती म्हणाली, “इकडे या. माझी नथ बघा.”

“गोदे!” भिकाजीपंत ओरडले. त्यांना अजून काही कळले नव्हते, पण खटला हातचा चालला एवढे कळले होते.

“सगळंच उलटं उमटलंय, दादा. भावजींचं जानवं जागच्या जागी होतं.”

भिकाजीपंतांनी तिच्या हातून भिंग हिसकावले. बराच वेळ पाहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “तुला गप्प बसता आलं असतं. हे तुझ्यासाठीच चाललं होतं ना?”

“तुझा पुरावा खरा धरला, तर हे त्या दसऱ्याच्या आधीच गेले. मग बारा वर्षं मी कुंकू कुणाच्या नावाचं लावतेय? केस राहावेत म्हणून मी त्यांना मारायचं का रे?”

परशुरामपंत काच न बघताच उठले. आता ते आरडाओरडा करतील म्हणून मी मागे सरकलो. पण त्यांनी फक्त छत्री उचलली.

“वहिनी, विधी मला करावा लागेल. मुलीचं अडलंय.”

“करा. तुम्हाला सुटका हवी, तुम्ही घ्या. मी त्या पुतळ्याजवळ बसणार नाही, आणि हे कुंकूही पुसणार नाही.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणावं, वहिनी भावाकडे राहते. फार हट्टी आहे.”

परशुरामपंतांनी एकदा भिकाजीपंतांकडे पाहिले. भिकाजीपंत काच फडक्यात गुंडाळण्यात गुंतले होते. ती त्यांना नीट गुंडाळता येत नव्हती.

“न्हाव्याला सांगून ठेवलं होतं,” परशुरामपंत म्हणाले. “येऊ नको म्हणून सांगतो.”

ते पायऱ्या उतरले. रस्त्यावर जाऊन वळले आणि तिथूनच म्हणाले, “आम्ही सुतक धरू, वहिनी. तुम्ही धरू नका.”

“नाही धरणार,” गोदूबाई म्हणाली.