तुम्पेंगचा शेंडा

नारळाच्या दुधात शिजवलेला पिवळा भात वेनिंगने पहाटेच शंकूच्या उंच साच्यात दाबून भरला होता. सेमारांगच्या त्या सोया सॉसच्या कारखान्याचा वर्धापनदिन होता. "तुम्पेंग तुमच्याच हातचा हवा, बाई," असं हेंदार्तोसाहेबांनी स्वतः प्रयोगशाळेत येऊन सांगितलं होतं. साहेब कधी नव्हे ते खाली उतरले, म्हणजे काहीतरी आहे, असं सगळ्यांनीच धरलं. प्रयोगशाळेचा प्रमुख नोकरी सोडून गेल्यापासून त्याचं काम वेनिंगच करत होती. पद मात्र रिकामंच होतं. आणि भाताच्या सुळक्याचा शेंडा साहेब ज्याला देतात, त्या दिवसाचा मान त्याचा.

"शेंडा आज तुलाच, ताई," केळीची पानं पुसता पुसता तिच्या हाताखालची तुतिक म्हणाली. "प्रमुखीणबाई झालीस की तो मोडका पंखा तेवढा बदल."

"गप गं. काकडी लाव नीट." पण वेनिंगने बातिकचा ठेवणीतला ब्लाउज घातला होता, तो तुतिकने पाहिला होता.

साहेबांचं भाषण झालं. आपण सगळे एक कुटुंब आहोत, हे त्यांनी दरवर्षीप्रमाणे सांगितलं. मग शेंडा कापून ताटलीत घेतला आणि ते वेनिंगच्या दिशेने आले. ती अर्धवट उठली, दोन्ही हात पुढे केले. ताटली तिच्या हातांवरून मागे गेली.

मागे रेंद्र बसला होता. जाकार्ताहून गेल्याच आठवड्यात आलेला, काम शिकायला म्हणून.

"हे आपले नवे प्रयोगशाळाप्रमुख! वेनिंगबाई त्यांना सगळं शिकवतील. त्या तर आपल्या घरच्या आईसारख्या!"

टाळ्या झाल्या. वेनिंगनेही वाजवल्या, हात पुढे आलेलेच होते.

रेंद्रने घास घेतला. "फार छान! कुठल्या केटररकडून मागवलं?"

"घरूनच," ती म्हणाली.

"आई म्हणे!" तुतिक पुटपुटली. "रांधायला आई, आणि खुर्ची पाव्हण्याला."

दुपारी रेंद्र एक बाटली घेऊन आला. "बाई, तीन नंबरच्या हौदातला नमुना. आंबट वास येतोय का हो? उद्या माल भरायचाय, माझी सही मागतायत."

वेनिंगने बूच काढून हुंगलं. एरवी तिने तिथल्या तिथे हौद बंद करायला लावला असता, साहेबांची बोलणी खाल्ली असती. तशी ती पूर्वी खाल्लीही होती.

तिने बूच परत लावलं. "प्रमुख तुम्ही आहात, सर. तुम्ही ठरवा."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही."

सुटीचा भोंगा वाजला. आज पहिल्यांदाच ती भोंग्याबरोबर उठली. मागून तुतिक म्हणाली, "बरं केलंस, ताई! भोगू देत."

वेनिंग स्कूटरपाशी गेली. हेल्मेटचा पट्टा बांधताना बोटं नाकाजवळ आली. नखांत अजून हळद होती, पण वास येत होता तो हौदाचा.