जावईबापूंकडे अडकलेली मापं

मापकाकू म्हणजे बूट बनवणारी बाई. साधे बूट नव्हेत हं. एक पाय आखूड, टाच वाकडी, बोटं एकमेकांवर चढलेली, अशा पायांचे. कातडं कापायचे काका, मापं घ्यायच्या काकू. एकेका पायाची सव्वीस मापं! तीस वर्षांच्या वह्याच्या वह्या भरल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी जावईबापूंनी ती सगळी मापं आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घालून दिली, कारण त्यांचा धंदाच तो. मापं ठेवली कुठे, कुणाच्या नावावर, पासवर्ड कुणाकडे, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. घरचाच माणूस, त्याला काय विचारायचं? काकांनी तर वाळवी लागलेल्या वह्या खुशाल रद्दीत देऊन टाकल्या.

आणि सोमवारी सकाळी कॉम्प्युटर उघडला तर पडद्यावर एकच ओळ. मुदत संपली आहे, सेवा देणाऱ्याशी संपर्क साधा.

सेवा देणारे फोन उचलेनात. गेले चार महिने हेच चाललं होतं. कधी डाव्या पायाचं माप उजव्यात दिसायचं, कधी नवं गिऱ्हाईक नोंदलंच जायचं नाही. काकूंनी सांगावं, पलीकडून "बघतो, आई" यावं आणि पुढे सगळा आनंदीआनंद. दुसरा कुणी असता तर काकूंनी त्याची अशी खरडपट्टी काढली असती की विचारू नका. पण जावयाला बोलायचं कसं? लेकीला मध्ये घालायचं तर तेही जिवावर येई. "तिच्या संसारात माझे बूट नकोत," असं त्या काकांना म्हणायच्या.

त्यात नेमकी एक जुनी गिऱ्हाईक, बस कंडक्टर बाई, दारात. तिच्या डाव्या बुटाचा जाड तळ मधोमध तुटलेला. त्या बुटाशिवाय तिला धड उभं राहता येत नाही, मग चालत्या बसमध्ये तिकिटं कशी फाडणार? नव्याने मापं घ्यायची, बूट घालून बघून ती पुन्हा पुन्हा सुधारायची, तर पंधरा दिवस. बरं, ही एक झाली. बाकीच्यांना काय सांगणार? सहाशे चाळीस माणसांचे पाय त्या कॉम्प्युटरात होते.

"जाते मी त्यांच्या ऑफिसात," त्या चपला घालत म्हणाल्या.

"अगं, जावई आहे तो. जरा सांभाळून."

"सांभाळूनच ही वेळ आलीय."

ऑफिस म्हणजे एक चिंचोळी खोली, तीन पडदे आणि वायरींचा गुंता. काकूंना बघून जावईबापू ताडकन उभेच राहिले. "आई, तुम्ही? बसा ना. चहा सांगतो."

"चहा नको. सासूबाईंना घरी ठेवून आलेय. मी गिऱ्हाईक आहे. माझी मापं कुठे आहेत?"

जावईबापूंनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग एकेक बाहेर आलं. मापं त्यांच्याकडे नव्हतीच मुळी. ती दुसऱ्या एका कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर होती, तीही जावईबापूंच्या नावाने. मुदत वाढवायची राहून गेली आणि शनिवारी सगळं बंद पडलं. आठवडाभर ती कंपनी सामान जपून ठेवते, मग पुसून टाकते.

"म्हणजे अजून पुसलेली नाहीत?"

"नाहीत. आत्ता मुदतीचे पैसे भरून काढून देतो." त्यांची बोटं चालू लागली, मान मात्र खालीच. "आई, खरं सांगू? मला हे झेपत नाहीये. मी दुकानांच्या बिलांची सॉफ्टवेअर करणारा माणूस. पायातलं मला ओ की ठो कळत नाही. पण तुम्ही इतक्या विश्वासाने दिलंत. सासूबाईंना नाही कसं म्हणायचं?"

म्हणजे इकडे सासू जावयाला बोलेना, तिकडे जावई सासूला बोलेना, आणि या दोघांच्या भिडेपायी सहाशे चाळीस माणसं अनवाणी व्हायची वेळ आलेली. काकूंना आधी राग आला आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. जावईबापूही हसायला लागले, जरा घाबरतच.

मापं पेनड्राइव्हवर आली. "सहाशे चाळीसच्या सहाशे चाळीस आहेत," जावईबापू म्हणाले.

"असतील. पण मी माझ्या कॉम्प्युटरवर उघडून बघणार."

दोघं दुकानात आले. कंडक्टर बाई बाकावर बसूनच होती. तिचं पान उघडलं आणि काकूंनी टेप काढून पडद्यावरची पाच मापं तिच्या खऱ्या पायावर ताडून बघितली. पाचही बरोबर. काकांनी त्या मापांवरून लगेच कातडं कापायला घेतलं. काकू स्टुलावर टेकल्या. डोळे भरून आले होते. ते त्यांनी सगळ्यांसमोर पुसले.

"सुटलो बुवा," जावईबापू म्हणाले.

"तुम्ही सुटलात, मीही सुटले. आता तुम्ही नुसते घरी येत जा."

नवी सॉफ्टवेअरवाली जावईबापूंनीच शोधून दिली. मोठी गोड बाई. काकूंनी तिच्यापुढे कागद ठेवला. मापं दुकानाच्या नावावर, पासवर्ड दुकानात, दर महिन्याला सगळ्या मापांची एक प्रत इथे आणून उघडून दाखवायची, आणि काम सोडायचं तर दोन महिने आधी सांगायचं.

तिने कागद वाचला आणि लाघवी हसली. "अहो काकू, हे कशाला? मी तुम्हाला मुलीसारखीच की."

काकूंनी पेनाचं टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं.

"सही होईपर्यंत मॅडम म्हणा," त्या म्हणाल्या. "मग काकू आहेच."