माणसांसाठीचं औषध

केशरी कॅप्सूल, जेमतेम बोटाच्या पेराएवढी, लूकियाच्या घामेजल्या तळहाताला चिकटली होती, आणि ती झटकून टाकावी की मुठीत आवळावी हेच तिला कळत नव्हतं. टेबलाखाली मावरोस, तिच्या नवऱ्याचा काळा बोका, फुगलेलं पोट घेऊन पडला होता. त्या उन्हाळ्यात सायप्रसभर मांजरं अशीच पोटं फुगून मरत होती.

सकाळी लार्नाकाला जनावरांचा डॉक्टर साव्वास म्हणाला होता, "मावशी, हा मांजरांचा करोनाच, म्हणून माणसांच्या करोनाच्या गोळ्यांचा उरलेला साठा सरकारने मांजरांना दिलाय. अख्खी नाही हं द्यायची. सांगितली तेवढीच पूड, पाण्यात कालवून."

"उरलेला?"

"हो ना, नुसता पडून होता."

साव्वासचा काय दोष... पण तो शब्द तिने बसमधून घरापर्यंत दाताखालच्या खड्यासारखा आणला. उरलेला. म्हणजे सगळ्यांना पुरून! आणि नवरा, एव्हागोरस, करोनाने इस्पितळात होता तेव्हा ती डॉक्टरीण फोनवर म्हणाली होती, "औषध निघालंय बाई, पण आपल्याकडे अजून आलं नाही." पुढे आलं की, दोन-तीन महिन्यांत आलं. तेवढंही थांबता आलं नाही तुला? इतकी कसली घाई होती रे?

त्याचा शेवटचा फोन... इथे ती फोन कानाशी गच्च धरून उभी, आणि तो धापा टाकत विचारतोय, "मावरोसला खायला घातलंस?" घातलं, ती म्हणाली, आणि वाट बघत राहिली—आता माझं विचारेल, मी जेवले का, मी एकटी कशी झोपते... पण कुणीतरी त्याच्या तोंडावर पुन्हा ऑक्सिजनचा मास्क चढवला.

"काय गं, गिळलं का राजाने?" कुंपणापलीकडून आंथूलाने, शेजारणीने, हाक दिली.

"थुंकला."

"पुरुषाची जात! धर मानगूट नि ओत."

लूकियाने हातातली कॅप्सूल उघडून पुन्हा थोडी पूड कालवली, बोक्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं, बिनसुईची सिरिंज त्याच्या दाढेशी नेली—आणि हात थांबला. हे त्याचं होतं. माझ्या माणसाचं. तुला कशाला देऊ मी? मोरीत ओतलं तर कोण विचारणार आहे? बोका धडपडला नाही. धडपडण्याइतकी ताकदच नव्हती त्याच्यात. नुसता तिच्याकडे बघत राहिला, आणि टॉवेलातून त्याची हाडं तिच्या मांडीला टोचत राहिली.

तिने दाबली. घसा हलला... गेलं.

गमावण्यासारखं आता काही नाही, एवढ्या एका आधारावर ती इतके दिवस तगली होती. आणि आता तीच ओळखीची भीती परत आली होती—इस्पितळाचा फोन वाजायचा तेव्हाची. नको रे देवा, हे पुन्हा नको, असं म्हणत म्हणत ती वाकली आणि मावरोसचा श्वास चालू आहे की नाही, ते ऐकू लागली.