अर्धी गादी

मी गादी बोलतेय. खरं सांगायचं तर अर्धी गादी. हसायचं असेल तर हसा, मला आता कशाचंच काही वाटत नाही.

सध्या मी जालना जिल्ह्यात, परतूरजवळच्या एका गावात, उषाबाईच्या घरी, दाराजवळच्या कोपऱ्यात गुंडाळून उभी आहे. अंगाला नायलॉनची दोरी आवळलेली आहे. ही दोरी बांधायची आणि पुन्हा सोडायची, यंदाची ही तिसरी खेप. आडवं पडण्यासाठी जन्माला यायचं आणि दिवसचे दिवस कोपऱ्यात उभं राहायचं, यापरता दुसरा वैताग नाही. कंबर म्हणून काही असती तर मोडली असती.

पण मी अशी नव्हते. माझा कापूस घरच्या रानातला. शेवटची वेचणी झाली आणि उषाबाईचे मालक पुंजाराम गाडी भरून परतूरला नथमलशेठच्या जिनिंगवर निघाले, तेव्हा या बाईनं दोन मोठी गाठोडी गाडीतून खाली ओढली. हा विकायचा न्हाई म्हणाली. पुंजारामांनी कुरकुर केली, पण बायकोपुढं त्यांचं किती चालतं ते मला चांगलं ठाऊक आहे. शेठनं सरकी काढून दिली आणि कापूस बाजारातल्या पिंजाऱ्याकडं गेला.

पिंजाऱ्यानं माप विचारलं. उषाबाईनं दोन्ही हात ताणून दाखवले, मग बाजूला सरकून पुन्हा ताणले. तो म्हणाला, भाबी, गादी शिवायची का मांडव घालायचा? तिनं एवढंच सांगितलं की आमच्याकडं पाव्हणे येतात. अशी मी झाले. निळ्या पट्ट्यांचं जाड कापड, आत घरचा कापूस, आणि रुंदी एवढी की दोघांनी धरल्याशिवाय मी उलटतच नसे.

त्या घराचा रिवाजच तसा. सांजच्याला दारात आलेला माणूस तसाच वापस गेला तर पुंजारामांना भाकरी गोड लागत नसे. त्यांची बहीण दैवशाला लेकरंबाळं घेऊन आली की मला आडवं टाकायचे आणि सगळे ओळीनं निजायचे. कुणाची परतूरला गाडी चुकायची, कुणी दवाखान्यासाठी यायचं, कुणी लग्नासाठी. एकदा बियाण्याच्या कंपनीचा एक माणूस झोपून गेला. सकाळी चहा पिऊन तो निघाल्यावर चौकशी झाली, तर तो कुणाचाच पाव्हणा नव्हता. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याचा असेल. पुंजाराम पोट धरधरून हसले आणि म्हणाले, चला, झोप तर झाली ना बिचाऱ्याची.

माणसं झोपल्यावर खरी कळतात. दिवसा तावातावानं भांडलेले भाऊ निजल्यावर एकमेकांच्या अंगावर पाय टाकतात. मोठेपणा सांगणारा तोंड उघडं टाकून घोरतो. माझ्या उजव्या कडेला तृप्तीची जागा. तृप्ती म्हणजे उषाबाईची लेक. पुस्तक उशाला घेऊन झोपायची, आणि परीक्षेच्या दिवसांत माझ्यावर चहा सांडायची. तो डाग अजून आहे. उषाबाईनं तो कधी घासला नाही.

शिकता शिकता तृप्तीला पुण्याला एका दवाखान्यात, रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली. गावात पेढे वाटले. तिच्या पगारात तिथं राहायचं कुठं, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. आमच्याकडं घर ही शोधायची वस्तूच नव्हती. माणूस कुठंही गेला तरी कुणी ना कुणी म्हणायचंच, चला आमच्याकडं.

तृप्ती अर्पिता नावाच्या मैत्रिणीच्या हॉस्टेलवर उतरली. तिथं तिला महिनाअखेरपर्यंतच राहू देणार होते. तेवढ्यात खोली मिळाली तर नोकरी टिकायची, नाही तर बाडबिस्तरा घेऊन वापस. पुंजाराम तिला निघतानाच म्हणाले होते, जागा न्हाई भेटली तर इकडंच बदनापूरला कुठं तरी बघू. 'बघू' म्हणजे काय ते तृप्तीला बरोबर कळत होतं. घरी बसायचं आणि येतील त्या स्थळांपुढं चहाचे कप न्यायचे. शिकलेलं सगळं ट्रंकेत.

रोज तिचा फोन यायचा. उषाबाई माझ्यावर बसून स्पीकर लावायची, म्हणून मला सगळं ठाऊक. फोटोत लख्ख उजेड दिसायचा आणि जाऊन बघावं तर खिडकीला समोरच्या इमारतीची भिंत टेकलेली. एजंट फोनवर एक भाडं सांगायचा, जिन्यात दुसरं. डिपॉझिटचा आकडा ऐकला की तृप्तीचा भाऊ कल्याण मोबाईलकडं टकमक बघत राहायचा. आणि एवढं करून घर पसंत पडलंच, तर घराला तृप्ती पसंत पडायची नाही. एकटी मुलगी? नको. रात्रीची ड्यूटी? मुळीच नको. जालना म्हणजे नेमकं कुठं आलं, असं एकीनं विचारलं. दुसरा म्हणाला, तुझ्यामागं कोण आहे, आम्हाला काय माहीत?

हे शेवटचं ऐकून पुंजाराम ताठ बसले.

"बराबर विचारून राह्यला तो माणूस," ते म्हणाले. "सोयरीक करताना आपण माणसं बघत न्हाई का? मंग घर देणारा बघणारच. चला, दाखवू त्याला माणसं."

झालं. जल्दी जल्दी तयारी सुरू झाली. पांढरं धोतर, कडक टोपी. उषाबाईनं ठेवणीतलं लुगडं काढलं. कल्याणनं दाढी केली. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे उषाबाईचे भाऊ तातेराव बोलावले गेले, कारण घराण्यातल्या प्रत्येक सोयरिकीत बोलायचं काम तातेरावमामांचं. नथमलशेठचा टेम्पो पुण्याला माल घेऊन निघालाच होता. शेठ म्हणाले, बेटी का काम है, बिलकुल बैठ जाओ. टेम्पोत ज्वारीचं पोतं चढलं, लोणच्याची बरणी चढली आणि शेवटी मी. घर मिळालं की लगेच अंथरूण टाकता येईल, असा उषाबाईचा हिशेब.

टेम्पोवाल्यानं आम्हाला एका चौकात उतरवलं आणि तो निघून गेला. पुढं कल्याणच्या डोक्यावर मी, मागं सगळी वरात. तृप्तीनं आम्हाला बघितलं आणि तिचा चेहरा पडला. पण पोरगी गुणी, पुढं होऊन तिनं लोणच्याची बरणी हातात घेतली.

पहिल्या घराची मालकीण चांगली होती. तिनं सगळ्यांना पाणी दिलं. मी दाराबाहेर भिंतीला टेकून ऐकत होते. तातेरावमामांनी घसा साफ केला आणि सुरू केलं. आमचं खटलं मोठं. चुलते, मामे, सगळे धरून गाव निम्मं आमचंच. आमच्या घरून कुणी उपाशी गेलं न्हाई. बाईनं विचारलं की इथं राहणार कोण? मामा म्हणाले, राहणार पोरगीच. पर तुम्ही बिलकुल काळजी करू नका, तिला एकटं पडू देणार न्हाई. आमचं येणं-जाणं राहीलच, कुणी ना कुणी मुक्कामाला असतंच. सोयरिकीत हे बोलणं ऐकलं की समोरचा उठून हात जोडतो. इथं बाई उठली खरी, पण दार उघडायला. कळवते म्हणाली.

दुसऱ्या घराच्या मालकानं गॅलरीतून मला बघितलं आणि तिथूनच विचारलं, ती एवढी गादी कुणाची? त्याचं पुढचं बोलणं ऐकायला वर जायची गरज पडली नाही. तिसरीकडं मामांनी आणखी जोर लावला, दैवशालाच्या लेकरांपासून नथमलशेठपर्यंत सगळ्यांची नावं घेतली. तिथं तर पाणीसुद्धा मिळालं नाही.

घर शोधणारा माणूस दारात चप्पल काढतानाच ओळखू येतो. एक पाय मोकळा करतो, दुसरा तसाच ठेवतो, कारण आत बोलावतील याची खात्री नसते. दुपारपर्यंत पुंजाराम तसेच उभे राहायला लागले. मला ते बघवत नव्हतं. ज्या माणसानं कुणालाही नाव न विचारता माझ्यावर झोपवलं, तो माणूस.

शेवटी रस्त्याच्या कडेला कल्याणनं मला खाली ठेवलं आणि सगळे माझ्यावरच टेकले. मामा म्हणाले, पुढच्या घरी आपल्या जमिनीचंही सांगू. तेव्हा तृप्तीचा बांध फुटला.

"नाना," ती वडलांना म्हणाली, "आता माणसं दाखवू नका. इथं माणसं जितकी कमी, तितकं घर लवकर मिळतं."

पुंजारामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. फार वेळ ते माझं कापड बोटानं चाचपत राहिले. मग म्हणाले, "मंग तू आन् तुझी माय जा. आम्ही न्हाईत असं समज."

चौथ्या घरी मायलेकीच वर गेल्या; तिथलं बोलणं मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. एक खोली, कोपऱ्यात ओटा, मागं मोरी. मालकीण खालच्याच मजल्यावर राहायची. तिची अट एकच, राहणार ती एकटीच, रात्रीला दुसरं कुणी थांबायचं नाही. आधीच्या भाडेकरूनं आधी भाऊ आणला, मग भावाचे मित्र. पाणी तासभर येतं, सगळा जिना भांडतो. बाई कंटाळली होती बिचारी. तृप्तीनं विचारलं, आई आली तर? बाई खाली बघून म्हणाली, आईसुद्धा नको गं. एकदा सुरू झालं की थांबत नाही.

तृप्ती दाराकडं वळली होती. उषाबाईनं तिचा दंड धरला.

"घे," ती म्हणाली. "मला कुठं झोप लागती नव्या जागी."

खोटं बोलली. ती कुठंही झोपते, मला विचारा.

अशी खोली मिळाली. मला वर नेलं आणि नवीन पंचाईत. मी खोलीत मावेना. टाकली तर ओट्यापाशी उभं राहता येईना, दुमडली तर दार उघडेना. सगळे माझ्याकडं बघत उभे राहिले, मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग उषाबाईनं मला गच्चीवर न्यायला सांगितलं आणि मालकिणीकडं कात्री मागितली.

कात्री घेऊन मालकीण स्वतःच वर आली. उन्हात मला पसरलं. उषाबाईनं मधोमध हात फिरवला, चहाचा डाग तृप्तीच्या बाजूला जाईल असं बघितलं, आणि कात्री चालवली. दुखलं का विचाराल, तर हो, दुखलं. घरचा कापूस भसाभसा बाहेर आला. मालकिणीनं न सांगता दुसरं टोक धरलं. एवढी मोठी कशाला केली हो, असं तिनं विचारलं. दाभण ओढता ओढता उषाबाई म्हणाली, पाव्हणे येतात न बाई. मालकीण दोन्ही कडा शिवून होईपर्यंत टोक धरून बसली.

डागाची बाजू पुण्यात राहिली. मी रेल्वेनं परतूरला वापस आले.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. तृप्तीची नोकरी टिकली, पगारही थोडा वाढला. गावात पाव्हणे यायचे थांबले नाहीत. त्यांना मला अंथरून देतात आणि उषाबाई सतरंजीवर निजते. मी पुरतच नाही तर काय करू? एकदा मात्र तिला राहवलं नाही. रात्रभर रेल्वेत बसून पुण्याला गेली, लेकीला पुरणपोळी करून घातली, भांडी घासली, आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत बसली. दुपारी घटकाभर माझ्या दुसऱ्या अर्ध्या अंगावर पडली होती म्हणे. आल्यावर पुंजारामांना सांगत होती, पोरगी पार एका कडेला आखडून झोपती, बाजूला जागा ठेवून. पुंजाराम ऐकून अंगणात निघून गेले.

त्यानंतर तृप्तीनं दुसरी जागा शोधायला सुरुवात केली. आता ती फोनवर भाडं नंतर विचारते. आधी विचारते, आई मुक्कामाला आली तर चालेल ना? कुणी हो म्हटलं की तिचा इकडं फोन येतो. उषाबाई मला ऊन देते, झटकते, दोरीनं आवळून पुण्याला न्यायला दाराशी उभी करते. मग पुन्हा फोन येतो. डिपॉझिट वाढवलं, किंवा मालकाचं मन फिरलं, किंवा दुसऱ्या कुणाला दिली. उषाबाई गाठ सोडते. दोरीचे वळ माझ्या अंगावरून आता जात नाहीत, आणि तिच्या बोटांवरूनही.

परवा पुन्हा फोन आला, म्हणून मी पुन्हा उभी आहे. पुढचा फोन अजून आलेला नाही. उषाबाई येता-जाता माझ्यावर हात ठेवते आणि मोबाईलकडं बघते.

थकले बाबांनो. पण तुमच्यापैकी कुणाची तिकडं एखादी खोली रिकामी असेल, आणि पोरीची माय चार रात्री निजली तर तुमची हरकत नसेल, तर तृप्तीला कळवा. घरची माणसं चांगली आहेत, पण ते सांगत बसत नाही. माणसं सांगून काय होतं ते मी बघितलंय. माझ्यापुरतं सांगते. मला जागा फार लागत नाही. आता मी अर्धीच तर आहे.